बोटीवर वायफाय बसवलंय, पण दहा मैलांपुढे रेंज जाते

हर्णैचा_पोरगा
नमस्कार मंडळी. आमचा ४२ फुटी ट्रॉलर आहे, लाकडी, वरून फायबर मारलेला. वडील तांडेल, म्हणजे बोट चालवणारे, इंजिन आणि हिशेब माझ्याकडे, खलाशी सात. १ जूनची बंदी लागली तेव्हाच ठरवलं होतं, या मोसमात बोटीवर वायफाय करायचंच.

कारण सांगतो. मागच्या मोसमात आमच्या एका खलाशाला मुलगा झाला. तो नेपाळचा. आम्ही बाहेर होतो, त्याला बंदरात आल्यावर कळलं, तोवर बाळ तीन दिवसांचं झालेलं. त्याच्या फोनला रेंज नव्हती, माझ्या फोनला अधूनमधून येत होती. एवढ्याशा फरकापायी माणसाला लेकराची बातमी कळू नये, हे मला फार लागलं.

आता काय केलंय ते. केबिनमध्ये सिमवाला फोरजी राउटर. डोलकाठीवर पाण्यापासून साधारण ७ मीटरवर ५ डीबीआयची अँटेना (डीबीआय म्हणजे अँटेना सिग्नल किती एकवटते त्याचं माप). तिथून खाली १२ मीटर बारीक काळी केबल, आरजी-५८. करंट १२ व्होल्टच्या बॅटरीवरून थेट. सुवर्णदुर्गाच्या आडोशाला नांगरून असतो तेव्हा झकास चालतं. दहा समुद्री मैल गेलो की संपलं. शिवाय इंजिन चालू केलं की राउटर बंद पडून पुन्हा सुरू होतो. दुकानदार म्हणतो १२ डीबीआयची अँटेना घे. घेऊ का?

टॉवरवाले_काका
नको घेऊ. टॉवरच्या कामात माझी वीस वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पृथ्वीच्या गोलाईचा हिशेब. अँटेनाच्या उंचीचं (मीटरमध्ये) वर्गमूळ काढ, त्याला ४.१ ने गुण. तेवढे किलोमीटर तिची नजर पोचते. दोन्ही टोकांचं मिळवायचं. तुझी ७ मीटरची पोचते ११ किलोमीटर. किनाऱ्यावरचा टॉवर टेकडीसकट १०० मीटर धरला तर त्याचे ४१. झाले ५२ किलोमीटर. तुझे दहा मैल म्हणजे साडेअठराच. म्हणजे तुला पृथ्वीची गोलाई अडवत नाहीये, तुझी केबल खातेय.

आरजी-५८ मध्ये १८०० मेगाहर्ट्झला मीटरमागे पाऊण डेसिबलच्या आसपास सिग्नल जातो. बारा मीटरचे नऊ. दर तीन डेसिबलला सिग्नल निम्मा होतो, म्हणजे वर आलेल्यातला आठवा हिस्सा खाली पोचतो. पाचची अँटेना लावून पाच कमावलेस आणि नऊ घालवलेस.

मोठ्या डीबीआयचंही समजून घे. ती अँटेना जास्त ताकद निर्माण करत नाही, आहे तीच चपटी करून आडवी फेकते, भाकरी थापल्यासारखी. जमिनीवर उत्तम. बोट डुलली की ती भाकरी एकदा पाण्यात, एकदा आभाळात. चालत्या बोटीवर पाच-सहाच्या वर जाऊ नये.

माझं ऐकशील तर राउटरच वर चढव. बाहेर लावायचे, पाणी न शिरणारे मिळतात, अँटेना आतच असते. खाली फक्त लॅनची केबल येते, तिच्यातूनच करंटही जातो. त्या केबलला १२ मीटर म्हणजे काहीच नाही. घेताना ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झचे बँड आहेत ना बघ, लांब तेच पोचतात. आणि अँटेना-केबलचा वरचा जोड आत्ताच उघडून बघ.

डॉकवरचा_वायरमन
भाऊ, इंजिनाचं मी सांगतो. सेल्फ मारला की स्टार्टर एवढा करंट ओढतो की १२ चे ९ व्होल्ट होतात, कधी त्याहूनही खाली. राउटर मरणारच. चार्जिंग चालू झालं की तेच १४.४ वर जातात. मध्ये ९ ते ३६ व्होल्ट घेऊन कायम एकसारखे देणारा कन्व्हर्टर टाक, आणि जमलं तर राउटर स्टार्टरच्या बॅटरीवरून काढून दुसऱ्या बॅटरीवर घे. फ्यूज बॅटरीजवळच. वायर कल्हईची घे, साधं तांबं खाऱ्या हवेत आतून हिरवं पडतं आणि बाहेरून कळत नाही. राउटर आठ वॅट खात असेल तर चोवीस तासांत १६ अँपिअर-तास जातील, रात्री इंजिन बंद असताना याचा विचार कर.

करंज्याची_ताई
आमच्या बोटीवर दोन वर्षं वायफाय आहे. एक गोष्ट पहिल्याच दिवशी कर: व्हिडिओ बंद ठेव. नाहीतर एकाच्या फोनवर सगळा डेटा जातो आणि ज्याला घरी बोलायचंय तो बसतो वाट बघत. आमच्याकडे मेसेज आणि कॉल एवढंच खुलं आहे.

आणि दादा, कळवळून सांगते, वायफाय आलं म्हणून बोटीवरचा व्हीएचएफ रेडिओ बंद ठेवू नकोस. त्यावरचा १६ नंबरचा, संकटाच्या हाकेचा चॅनल कायम चालू असू दे. जिथे मोबाइल लागतो तिथे तटरक्षक दलाचा १५५४ हा फोन नंबर आहेच. त्यापलीकडे मत्स्यसंपदा योजनेतून मोफत बसवतात तो ट्रान्सपाँडर, म्हणजे उपग्रहाशी जोडलेलं यंत्र, त्यावरून रेंज नसतानाही छोटे मेसेज दोन्हीकडून जातात. कुणी उपग्रह फोन स्वस्तात देतो म्हणाला तर हात लावू नकोस, परवानगीशिवाय जवळ ठेवणं गुन्हा आहे.

हर्णैचा_पोरगा
काका, वरचा जोड उघडला. टेप काढली तर मिठाची पांढरी पूड तळहातावर सांडली, आतली पिन पार हिरवी. दोन महिन्यांत ही गत. मी एकाच थरात साधी टेप मारली होती आणि केबल सरळ खाली आणली होती, पाणी उतरून जायला वळसाच ठेवला नव्हता.

राउटर वर गेला. ८५० आणि ९०० दोन्ही घेणारा मिळाला. कन्व्हर्टरही बसवला, आता सेल्फ मारला तरी दिवा लुकलुकतसुद्धा नाही. ताई, व्हिडिओ बंद केलेत, कुणी कुरकुर केली नाही.

काल परत आलो. जीपीएसवर १६ मैल दिसत होते तिथपर्यंत मेसेज जात होते. कॉल तेरापर्यंत नीट, पुढे तुटक. पहाटे जाळं ओढून झाल्यावर तो आमचा खलाशी केबिनच्या पायरीवर बसून घरी बोलला. पोरगा आता अकरा महिन्यांचा आहे, पलीकडून नुसता ओरडत होता. वडिलांनी इंजिनाचा वेग कमी केला, आवाज नीट ऐकू यावा म्हणून.

एक विचारायचं राहिलं. डोलकाठी थरथरते, त्यामुळे राउटरच्या पट्टीचे दोन नट एवढ्यातच सैल झालेत. नायलॉनचे नट टिकतात का पट्टीखाली रबर घालू?