नोव्हेंबरातलं व्हॅलेन्सिया

कोणीतरी विचारलंय की समुद्रात उतरता येत नाही तर नोव्हेंबरात स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाला आठवडाभर करायचं काय. अहो, तेव्हाच तर मजा, दुपारी वीसेक डिग्री, बीचवर गर्दी नाही आणि संत्र्यांचा सीझन सुरू झालेला. सेंट्रल मार्केट सकाळीच गाठा, रविवारी बंद असतं. १९५७ च्या पुरानंतर तुरिया नदी शहराबाहेर वळवली, जुन्या पात्रात आता बाग आहे, सायकल घेऊन जुन्या पुलांखालून निवांत फिरा. पाएया, म्हणजे तिथला भाताचा पदार्थ, मात्र दुपारीच खायचा, ससा आणि चिकन घातलेला, आणि तळाची खरपूस खरवड अजिबात सोडायची नाही, आपल्याकडे जशी तिच्यावरून भांडणं होतात तशी तिथेही होत असणार! फक्त हवामानाचे इशारे बघत जा, २०२४ च्या ऑक्टोबरअखेर आसपासच्या गावांत केवढा पूर आला होता.