उडो डर्कश्नायडर आणि ‘अ‍ॅक्सेप्ट’ची जुनी गाणी
‘अ‍ॅक्सेप्ट’ या जर्मन हेवी मेटल बँडची मूळ ध्वनिमुद्रणे असताना त्याचे माजी गायक उडो डर्कश्नायडर यांचा ‘लाइव्ह – बॅक टू द रूट्स’ (२०१६) हा अल्बम कशाला ऐकायचा, या प्रश्नाशी मी सहमत नाही. साठी ओलांडलेले उडो येथे केवळ ‘अ‍ॅक्सेप्ट’ची गाणी गातात आणि ड्रमवर त्यांचा मुलगा स्वेन आहे, हेच मला फार हृद्य वाटते. त्यांचा खरखरीत आवाज मुळातच गोडव्यावर उभा नव्हता, त्यामुळे १९८२ च्या ‘फास्ट अ‍ॅज अ शार्क’सारख्या वेगवान गाण्यातही वय त्यांच्या आड येत नाही. ‘मेटल हार्ट’मध्ये गिटार बेथोव्हेनच्या ‘फ्यूर एलिझे’ या पियानोरचनेकडे वळते, ती जागा तर, माझ्या मते, स्टुडिओपेक्षा श्रोत्यांसमोरच अधिक खुलते.