ट्रॉक्लियर म्हणजे कप्पीच

डोळा वळवणाऱ्या एका स्नायूला चालवते ती ट्रॉक्लियर नस. तिच्या नावाचा संबंध टॉर्चशी, म्हणजे उजेडाशी असणार, असा तर्क कुणीतरी मांडला, तो पटला नाही. लॅटिनमध्ये ट्रॉक्लिया म्हणजे कप्पी, आपल्या विहिरीवर असते तशी. लॅटिननेही तो शब्द ग्रीकमधून उचललेला. डोळ्याच्या खोबणीत वर, नाकाच्या बाजूला कूर्चेचं एक छोटं कडं असतं. त्या स्नायूची दोरी त्यातून वळून डोळ्याला जोडलेली असते. गंमत म्हणजे ही नस (मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांमधली चौथी) स्वतः त्या कड्यातून जातच नाही. कप्पी स्नायूची, नाव मिरवते नस!

मला हा शब्द कळला तो बाबांमुळे. ठाणे स्टेशनचा पूल उतरताना त्यांना एका पायरीच्या दोन दिसायला लागल्या, एकीवर एक. आम्ही नवा चष्मा करून आणला, पैसे वाया. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, "जिना उतरताना जास्त होतं का?" बाबांची हीच नस दुबळी पडली होती. तिचा स्नायू डोळा खाली वळवतो, म्हणून त्रास जिन्यावर आणि पेपर वाचताना. एक डोळा झाकला की जादा पायरी गायब. बाबा मानही त्यामुळेच एका खांद्याकडे कलती ठेवायचे. आम्हाला वाटायचं, लोकलमध्ये डुलक्या काढून अवघडली असेल.