मदत हवी आहे : कुत्र्याचे केस कापणारा प्रशिक्षित ग्रूमर ओळखायचा कसा? (पुणे)

नमस्कार.

पुण्यातील श्वानपालकांकडून, ग्रूमिंगचे काम करणाऱ्यांकडून आणि शक्य असल्यास पशुवैद्यकांकडून मला मार्गदर्शन हवे आहे. प्रश्न थोडा सविस्तर मांडते.

आमच्याकडे बुंदी नावाची शित्झू जातीची, नऊ वर्षांची कुत्री आहे. या जातीचे केस सतत वाढत राहतात, त्यामुळे ते ठरावीक काळाने कापून घेण्यावाचून गत्यंतर नसते. गेल्या महिन्यात घराजवळच्या एका पार्लरमध्ये तिच्या कानामागचा केसांचा गुंता कात्रीने काढताना कानाची कडच कापली गेली. तेथील मुलाने जखमेवर रक्त थांबवणारी पूड दाबली, वरून केस नीट विंचरले आणि आम्हाला एका शब्दाने न सांगता बुंदीला आमच्या हवाली केले. घरी आल्यावर तिने डोके झटकले, तेव्हा रक्ताचे शिंतोडे उडाले आणि मग आम्हाला प्रकार समजला. डॉक्टरांनी टाके घातले आहेत, जखम भरत आली आहे. पार्लरच्या मालकांना विचारले असता त्यांचे उत्तर होते, "कुत्रे हलले की असे होतेच." त्या पार्लरचे नाव मी येथे लिहिणार नाही आणि कृपया कोणी विचारूही नये, कारण माझा प्रश्न एका दुकानापुरता नाही.

कुत्रे हलणार हे उघड आहे. ते हलणार हे धरूनच हात कसा चालवायचा, हे शिकणे म्हणजेच या कामाचे शिक्षण, असे मला वाटते. आमच्या डॉक्टरांनी समजावून सांगितले, की कानामागे, बगलेत, जांघेत आणि पट्ट्याखाली केसांचा गुंता घट्ट होत जातो, तसतशी त्याखालची पातळ कातडी त्या गुंत्यात ओढली जाते, आणि वरून पाहणाऱ्याला गुंता कुठे संपतो व कातडी कुठे सुरू होते हे कळत नाही. अशा ठिकाणी कात्री चालवायचीच नसते. केस कापण्याच्या यंत्राचे (क्लिपरचे) दहा नंबरचे ब्लेड, जे साधारण दीड मिलिमीटर केस ठेवते, कातडीला समांतर धरून गुंत्याच्या खालून सावकाश न्यायचे असते आणि तेही अधूनमधून थांबून, कारण सतत चालणारे ब्लेड तापते आणि नाजूक जागी कातडी भाजते. गुंता न सोडवता आधी आंघोळ घातली तर तो आणखी आवळतो. हे ऐकल्यावर माझ्या लक्षात आले, की आजवर आम्ही पार्लर निवडताना फक्त स्वच्छता, दर आणि कापलेले केस कसे दिसतात एवढेच पाहत आलो.

त्यानंतर मी आसपासच्या काही ठिकाणी चौकशी केली. जवळजवळ प्रत्येक भिंतीवर चौकटीत लावलेले काही ना काही होते. एका ठिकाणी "आमच्याकडे लायसन्स आहे" असे अभिमानाने सांगून दाखवलेला कागद म्हणजे गुमास्ता, म्हणजे दुकानाच्या नोंदणीचा साधा परवाना होता! तो किराणा दुकानालाही मिळतो. इतर ठिकाणी खासगी अकादमींची प्रमाणपत्रे होती, पण त्या अभ्यासक्रमात किती कुत्र्यांवर प्रत्यक्ष हात चालवून घेतला गेला, प्रथमोपचार शिकवले गेले का, याचे उत्तर कोणालाही धडपणे देता आले नाही. एका ठिकाणी तर "फार हलत असेल तर झोपेचे औषध देऊन करून देऊ, थोडे जास्त पैसे पडतील" असे सहज सांगितले गेले. तेथून मी लगेच बाहेर पडले, परंतु हे वैध आहे का, असा प्रश्न मनात राहिलाच आहे.

तेव्हा मला हे जाणून घ्यायचे आहे. प्रमाणपत्रावरून काहीच ठरवता येत नसेल, तर ग्रूमरला नेमके काय विचारावे आणि काम सुरू असताना काय पाहावे? नऊ वर्षांच्या, आखूड नाकाच्या कुत्रीच्या बाबतीत कोणते धोके अधिक आहेत? गुंगीचे औषध देऊन केस कापणे कधी योग्य ठरते? आणि अशी इजा झाल्यास दाद कोठे मागता येते? घरीच सर्व शिका, असा सल्ला कृपया देऊ नये. नियमित विंचरणे आम्ही करतोच, पण माझ्या आईच्या हातांना आता कंप आहे आणि मी दिवसभर कामावर असते.

प्रतिसाद (पशुवैद्यक, नाशिक)

आपला प्रश्न महत्त्वाचा आहे आणि आपल्या डॉक्टरांनी सांगितलेले अगदी बरोबर आहे. त्यात भर घालतो.

शित्झू, पग, बुलडॉग अशा चपट्या तोंडाच्या कुत्र्यांबाबत मला कात्रीपेक्षाही ड्रायरची भीती अधिक वाटते. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच ते शरीरातील उष्णता बाहेर टाकते, आणि या जातींची श्वासाची वाट मुळातच अरुंद असते. त्यांना पिंजऱ्यात बसवून समोर गरम हवेचा ड्रायर लावून ठेवणे आणि माणसाने दुसऱ्या कुत्र्याकडे वळणे, ही पद्धत जीवघेणी आहे. कुत्र्याचे तापमान एरवी ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते; ते ४१ च्या पुढे गेले की अवयवांना इजा होऊ लागते. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत बंद खोलीत हे घडायला फार वेळ लागत नाही. धापा थांबत नसतील, जीभ गडद लाल झाली असेल, कुत्रे लडखडत असेल, तर आधी जागच्या जागी अंगावर साधे गार पाणी ओतून पंखा लावावा आणि मगच दवाखान्याकडे निघावे. रिक्षा शोधण्यात गेलेली पहिली काही मिनिटेच महाग पडतात.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. या जातींच्या खोबण्या उथळ असतात. मानेचे कातडे मागून जोरात आवळून धरले किंवा टेबलावरच्या गळ्यातील फासाला जोराचा झटका बसला, तर बुबुळासकट डोळा खोबणीबाहेर येऊ शकतो. वाचायला अघोरी वाटते, पण मी असे रुग्ण पाहिले आहेत. त्यामुळे अशा कुत्र्याला गळ्यातल्या फासाऐवजी छातीवरून जाणारा पट्टा लावणारा ग्रूमर शोधावा आणि फास लावलेल्या कुत्र्याला टेबलावर एकटे सोडून जाणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नये. क्लोरहेक्झिडिन असलेला औषधी शॅम्पू डोळ्यात गेल्यास पारपटलाला (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला) इजा होते, हेही धुणाऱ्या माणसाला ठाऊक असले पाहिजे.

आणखी एक, ज्याबद्दल पालकांना सहसा माहिती नसते. पाणी घालून पातळ केलेला शॅम्पू तशाच बाटलीत दिवसचे दिवस ठेवला, तर त्यात स्यूडोमोनास जातीचे जिवाणू वाढतात. आंघोळीच्या वेळी केसांच्या उलट दिशेने जोरात घासल्यास ते केसांच्या मुळांत शिरतात आणि एकदोन दिवसांत पाठीवर अतिशय दुखरे फोड येतात, ताप येतो, कुत्रे पाठीला हात लावू देत नाही. पालकांना वाटते कंबर लचकली. आंघोळीनंतर असे काही दिसले तर डॉक्टरांना आंघोळीचा उल्लेख आवर्जून करावा. आणि शॅम्पू त्याच दिवशी कालवलेला आहे का, हे ग्रूमरला विचारण्यात संकोच बाळगू नये.

गुंगीच्या औषधाबद्दल स्पष्ट लिहितो. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार पशुवैद्यकीय उपचार हे नोंदणीकृत पशुवैद्यकाचे काम आहे. पार्लरमधल्या माणसाने असे औषध देणे चूकच. अंगभर घट्ट गुंता असेल किंवा भीतीने कुत्रे चावत असेल, तर दवाखान्यात गुंगी देऊन केस काढणे कधीकधी दयेचे ठरते. परंतु आपल्या बुंदीच्या वयात त्याआधी हृदयाची तपासणी व रक्ततपासणी व्हावी, पोट रिकामे असावे आणि शुद्धीवर येईपर्यंत श्वासावर कोणाचे तरी सतत लक्ष असावे.

प्रतिसाद (ग्रूमर, ठाणे)

मी हे काम करतो, म्हणून आतली बाजू लिहितो. आपल्याकडे ग्रूमर होण्यासाठी कायद्याने कोणतेही प्रशिक्षण सक्तीचे नाही. बहुतेक ठिकाणी आंघोळ घालायला ठेवलेला मुलगा पाहून पाहून कात्री हातात घेतो. मीही तसाच सुरू झालो. पुढे अकादमीत गेलो, तेव्हा केस कापण्याआधी कुत्र्याचे ओठ, कान, शेपूट काय सांगत आहेत ते वाचायला शिकवले गेले. रविवारी एकामागून एक कुत्री घेतली जातात, कामगाराला कुत्र्यामागे पैसे मिळतात, आणि घाई तेथून सुरू होते. शित्झूचे आंघोळीपासून केस कापण्यापर्यंतचे काम नीट करायला दीड ते दोन तास लागतात. पाऊण तासात करून देणाऱ्याने काय काय गाळले, हे समजून घ्या.

काय विचारावे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते एकच प्रश्न पुष्कळ आहे : "तुम्ही काम अर्धवट केव्हा थांबवता?" शिकलेला माणूस याचे उत्तर लगेच देईल. धापा वाढल्या तर, गुंत्याखाली ओली जखम दिसली तर, म्हातारे कुत्रे मागच्या पायांवर उभे राहीनासे झाले तर. "आम्ही पूर्ण करूनच देतो" असे म्हणणाऱ्याकडे मी माझे कुत्रे नेणार नाही. चांगला ग्रूमर पैसे घेण्याआधी कुत्र्याला उभे करून, हाताने चाचपून गाठी, चामखिळी, जखमा पाहतो आणि तुमच्यासमोर लिहून ठेवतो. घट्ट गुंता असेल तर सोडवून लांब केस राखण्याचा हट्ट न धरता आखूड कापू, असे सांगतो. हस्की किंवा पॉमेरेनियनचे केस उन्हाळ्यासाठी मुळापासून भादरायला तयार होणाराही मला शिकलेला वाटत नाही, कारण दुहेरी आवरणाचे ते केस काही वेळा पुन्हा नीट उगवतच नाहीत.

काच लावलेली खोली असलेले पार्लर शोधा. मात्र काचेला नाक लावून हाका मारू नका. कुत्रे मालकाकडे वळते आणि कात्रीखालीच वळते.

प्रतिसाद (वकील, मुंबई)

प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० मधील पहिल्या गुन्ह्याचा दंड आजही १० ते ५० रुपये आहे, त्यामुळे त्या वाटेने फारशी अपेक्षा ठेवू नये. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, परंतु तेथे हेतू किंवा जाणीव सिद्ध करावी लागते. निष्काळजीपणा पुरत नाही. २०१८ चे पाळीव प्राणी दुकानांचे नियम प्राणी विकणाऱ्यांसाठी आहेत. आपल्याला उपयोगी पडेल तो ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९. पैसे घेऊन दिलेल्या सेवेत त्रुटी राहिली, एवढे पुरते. राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणात शुल्क नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पाहावी. पार्लरची पावती, टाक्यांचे बिल, जखमेची तारखेसह छायाचित्रे आणि "असे होतेच" हा संवाद संदेशात असेल तर तो, हे सर्व जपून ठेवा. डॉक्टरांकडून जखम धारदार शस्त्राची आहे असे लेखी घ्या.

प्रतिसाद (टोकियो)

तुलनेसाठी लिहितो. जपानमध्ये ग्रूमिंगच्या दुकानाला प्राणी हाताळणी व्यवसाय म्हणून स्थानिक प्रशासनाकडे नोंदणी करावी लागते, जबाबदार व्यक्ती नेमावी लागते आणि नोंदणी क्रमांकाची पाटी दर्शनी भागात लावावी लागते. दर पाच वर्षांनी नूतनीकरण असते. काही चुकले तर कोणाकडे बोट दाखवायचे, हे पाटीवरच लिहिलेले असते. आपल्याकडे राज्य पातळीवर एवढी नोंदणी जरी झाली तरी फरक पडेल, असे मला वाटते.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. कागदपत्रे गोळा करण्यास सुरुवात केली आहे आणि "काम केव्हा थांबवता?" हा प्रश्न दोन ठिकाणी दूरध्वनीवरून विचारलाही. एका बाईंनी उलट मलाच बुंदीचे वय, हृदयाचा त्रास, मागच्या वेळी ती कुठे घाबरली, हे सर्व विचारून घेतले आणि जखम पाहिल्याशिवाय वेळ देणार नाही असे सांगितले. त्यांच्याकडे जाण्याचा विचार आहे. पशुवैद्यक साहेब, टाके निघाल्यावर किती दिवसांनी न्यावे?

प्रतिसाद (पशुवैद्यक, नाशिक)

टाके निघून कड पूर्ण कोरडी दिसेपर्यंत आंघोळ नको. साधारण आठवडाभर आणखी थांबावे आणि आपल्या डॉक्टरांना एकदा दाखवून घ्यावे. पहिल्या भेटीत फक्त नखे आणि पंजांखालचे केस करून घ्या, कानाला हात लावू देऊ नका. केस कापणे दुसऱ्या भेटीला. त्या बाईंना हे आधीच सांगून ठेवा. त्यांची हरकत नसावी.