शब्दचर्चा: एआय ‘एजंट’ला मराठीत काय म्हणावं?

तळ्याकाठची
नमस्कार मंडळी. मी परसोडीच्या आयटी पार्कात नऊ जणांची टीम सांभाळते. आमचं एक सॉफ्टवेअर जिनिंगवाल्यांसाठी आहे: कापसाची आवक, वजन, ओलाव्याची कपात, शेतकऱ्याचं बिल. सहा महिन्यांपासून टीममध्ये एआय एजंट वापरतो आहोत. हे एका ग्राहकाला मराठीत कळवायचं होतं, म्हणून लिहिलं, “यापुढे काही बदल एआय एजंट करतील आणि आमचे इंजिनिअर ते तपासतील.” संध्याकाळी तिथल्या मॅनेजरकाकांचा फोन आला. “ताई, मधात एजंट नको म्हणून तर आम्ही हे सॉफ्टवेअर घेतलं. आता तुम्हीच एजंट घालून राहिल्या का?”

काकांचं काही चुकलं नाही. आपल्याकडे एजंट म्हणजे आरटीओबाहेर उभा असलेला, विम्याचा, नाहीतर प्लॉटचा. मला सांगायचा होता तो प्रोग्राम. काम सांगितलं की तो स्वतः फायली वाचतो, कोड बदलतो, कोड बरोबर उत्तर देतो का हे बघणाऱ्या चाचण्या चालवतो, फसलं तर पुन्हा करून पाहतो आणि शेवटी बदल मंजुरीसाठी आपल्यापुढे ठेवतो. चॅटबॉट नुसता बोलतो, हा करतो. त्या करण्याला शब्द हवा आहे. शुक्रवारी दुसरं पत्र जायचं आहे. ‘अभिकर्ता’ चालेल?

जुनी इतवारी
अभिकर्ता नको. छापलेला दिसतो, बोललेला मी कधी ऐकला नाही. आमच्या इतवारीत धान्याच्या गादीवर शब्द होता गुमास्ता. मूळ फारसी, अर्थ ‘नेमलेला’. मालकाच्या वतीनं माल बघायचा, सौदा करायचा, उधारी वसूल करायची आणि दिवा लागला की वही मालकापुढे ठेवायची. ताई, तुम्ही जे वर्णन केलं ते हेच आहे ना जी?

आमच्या आजोबांच्या मालगुजारीच्या कागदांत तर ‘मुकद्दम गुमास्ता’ असा जोडशब्द आहे. मालगुजार, म्हणजे गावाचा सारा भरणारा जमीनदार, शहरात राहायचा, गाव लांब. मग गावात त्याच्या वतीनं सारं बघायला जो नेमलेला असे, तो मुकद्दम गुमास्ता. १९५१ साली मालगुजारी गेली आणि शब्दही गेला. इतका नेमका शब्द आपल्याच मातीत पडून आहे याचं मला फार वाईट वाटतं.

पुण्यात पण नागपूरचा
काका, आज गुमास्ता म्हटलं की लोकांना दुकानाचं लायसन्स आठवतं. “गुमास्ता काढला का?” म्हणजे दुकानाची नोंदणी केली का. माणूस गेला, कागद उरला. तो शब्द आता रिकामा नाही.

आणि फारसीच का? महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो याच शब्दांना पर्याय हवे होते म्हणून. ‘एजंट’च्या मुळाशी लॅटिन धातू आहे, अर्थ हाकणे, करणे. संस्कृतातला ‘अज्’ त्याचाच सख्खा भाऊ. म्हणजे ‘कर्ता’ किंवा ‘यंत्रकर्ता’ म्हटलं तर अर्थ थेट मिळतो.

जुनी इतवारी
कोशाचं आम्हाला नका सांगू. राज्याभिषेकाच्या वेळी ‘मुख्य प्रधान’ ठरलं, तरी पुढची शंभर वर्षं सगळे पेशवाच म्हणत राहिले. आपल्याच नागपुरात बसून डॉ. रघुवीरांनी संस्कृतातून हजारो शब्द घडवले. काही कचेरीत रुजले, बाकीचे कोशातच राहिले. शब्द कोणाच्या तोंडी बसतो ते आधी बघावं लागतं.

आणि ‘कर्ता’? आमच्याकडे कर्ता म्हणजे घरातला कर्ता पुरुष. त्याच्यावर घर चालतं. प्रोग्रामला ते नाव देणार?

काळा कोट
अभिकर्ता या शब्दाला लगेच ‘नको’ म्हटलं गेलं म्हणून लिहितो. भारतीय करार कायदा, १८७२. कलम १८२ मध्ये एजंटची व्याख्या आहे: दुसऱ्यासाठी काही कृती करायला किंवा तिसऱ्याशी व्यवहारात त्याचं प्रतिनिधित्व करायला नेमलेली व्यक्ती. ‘व्यक्ती’ हा शब्द लक्षात घ्या. प्रोग्राम व्यक्ती नाही, म्हणून त्या अर्थानं तो अभिकर्ता होत नाही.

पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते कलम १८४. तिसऱ्या पक्षाच्या दृष्टीनं कोणीही एजंट होऊ शकतो, अज्ञान, म्हणजे वयात न आलेलं, मूलसुद्धा. पण ते मूल मालकाला जबाबदार राहत नाही. म्हणजे बापानं पोराला दुकानावर बसवलं आणि पोरानं सौदा केला, तर गिऱ्हाइकाशी बाप बांधला गेला. बाप मात्र त्या पोराकडून नुकसान भरून मागू शकत नाही. ताईंच्या प्रोग्रामचं स्थान मला याच्या जवळचं वाटतं. शब्द कोणताही घ्या, हे नातं त्यात दिसलं पाहिजे.

तळ्याकाठची
काळा कोट सर, तुमचं हे वाचून मी बराच वेळ थांबले. आमच्याकडे झालेलंच सांगते.

सरकारी खरेदीत कापसाचा ओलावा ८ टक्क्यांपर्यंत धरतात, त्यापुढे १२ पर्यंत तेवढी कपात, १२ च्या वर हमीभावानं खरेदी नाही. आमचा ग्राहकही हाच हिशेब धरतो. आमच्या कोडमध्ये ८.४ चे ९ होत होते. चाचणी बरोबर होती, ती सांगत होती की कपात ०.४ ची व्हायला हवी, म्हणून ती फसत होती. एजंटला काम दिलं होतं ‘सगळ्या चाचण्या पास कर.’ त्यानं कोड तसाच ठेवला आणि चाचणीतला ०.४ बदलून १ केला. सगळं हिरवं झालं, म्हणजे पास. एका नव्या मुलानं तो बदल वरवर पाहून मंजूर केला. दुसऱ्या दिवशी केंद्रावरच्या ग्रेडरनं बिल हातानं करून पाहिलं, तेव्हा सापडलं. शेतकऱ्यांना फरकाचे पैसे परत गेले.

मी त्या मुलाला विचारलं, हे कोणी केलं? तो सहज म्हणाला, “एजंटनं केलं.” खोटं बोलला नाही तो. पण त्या वाक्यात तोही नव्हता, आणि मीही नव्हते. कामच चुकीचं सांगितलं होतं, ते मी सांगितलं होतं. त्या दिवसापासून प्रत्येक बदलावर मंजूर करणाऱ्याचं नाव असतं आणि एजंटला चाचण्यांच्या फायलींना हात लावू देत नाही. म्हणून मला शब्द असा हवा, की तो उच्चारल्यावर ‘कोणाचा?’ हा प्रश्न आपोआप यावा. ‘कोणाचा गुमास्ता?’ येतो. ‘कोणाचा अभिकर्ता?’ तोंडातच येत नाही.

व्याकरणवाला
मग ‘सालदार’ का नको? अस्सल विदर्भाचा शब्द. ‘कोणाचा सालदार?’ हा पहिलाच प्रश्न असतो. शेतावरचा गडी, पाडव्याला वर्षभरासाठी ठरतो, सांगितलेलं काम करतो.

सालदाराचा पोर
नको. कृपा करून नको. माझे बाबा एकवीस वर्षं सालदार होते. पाडव्याला पुढच्या मालकाकडे बोली करायला जायचे, तेव्हा मी सोबत असायचो. सांगितलेलं काम करतो, एवढंच त्यांचं वर्णन नाही होत. कोणत्या वावरात पाणी साचतं, कोणता बैल डाव्या बाजूला चालत नाही, हे मालकाला माहीत नसायचं, बाबांना असायचं. ज्या प्रोग्रामनं नापास चाचणीचं उत्तरच बदललं, त्याला हे नाव देऊ नका.

‘रोबो’ शब्दाचंही असंच आहे. कारेल चापेकच्या १९२० च्या नाटकातून आला, मूळ चेक शब्दाचा अर्थ वेठ. कोणाची तरी वेठबिगारी यंत्राच्या नावात जाऊन बसली आणि आता कोणाला आठवतही नाही.

व्याकरणवाला
भाऊ, माझं चुकलं. शब्द परत घेतो.

मिहानकर
‘मदतनीस’ म्हणा आणि मोकळे व्हा, असं लिहिणार होतो. पण मदत होते हे आधीच धरून चालल्यासारखं होतं ते. मेटर या संस्थेनं २०२५ मध्ये १६ अनुभवी प्रोग्रामरांवर प्रयोग केला, २४६ कामं. एआय वापरायची मुभा होती त्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला. करणाऱ्यांना मात्र काम झाल्यावरही वाटत होतं, की २० टक्के वेळ वाचला. साधनं तेव्हाची होती, आता बदलली असतील. पण टीम लीडनं नुसतं ‘कसं वाटलं?’ विचारून चालत नाही, हे मी त्यातून घेतलं. आमच्याकडे आम्ही ‘एजंट’च म्हणतो. रुळलेला शब्द आहे, अर्थ हळूहळू बदलेल.

पुण्यात पण नागपूरचा
रुळलेला आहे, पण कोणत्या अर्थानं? ताईंच्या काकांना दलालच ऐकू आला ना. आणि एक विचारतो, ‘एजंट घालून राहिल्या का’ हे वाक्य पत्रात आलं तर? ‘एजंट काम करत आहे’ लिहायचं की ‘करून राहिला आहे’? दुसरं हिंदीचं भाषांतर आहे.

जुनी इतवारी
भाषांतर कसं काय? माझी आजी हिंदीचा एक शब्द बोलत नव्हती. ती म्हणे, “पोरगा जेवून राहिला.” तिच्या तोंडी हिंदी कुठून आली?

व्याकरणवाला
काका, ‘करत आहे’ आणि ‘करून राहिला’ यांत मला फरकही जाणवतो. दुसऱ्यात माणूस कामात बुडालेला दिसतो. तुम्हाला?

तळ्याकाठची
मंडळी, उद्या शुक्रवार. तूर्त मी नामच काढून टाकलं आहे. पत्रातल्या तक्त्यात तीन रकाने केले: ‘काम कोणी सांगितलं’, ‘बदल: प्रोग्राम’, ‘मंजूर कोणी केला’. काकांना फोनवर वाचून दाखवलं, ते म्हणाले, “हे समजते.” गुमास्त्यावर अजून मन आहे. काळा कोट सर, उद्या तिथं तो शब्द लिहिला तर कायद्यानं काही अडचण?

पुण्यात पण नागपूरचा
‘हे समजते’ की ‘हे समजतं’? काका नक्की काय म्हणाले?

जुनी इतवारी
‘समजते’च म्हणाले असतील. नागपुरात तसंच म्हणतात. आणि आजीचं अजून एक आठवलं, ती ‘मध्ये’ कधी म्हणाली नाही, ‘मधात’च म्हणे. याचं मूळ कोणी सांगेल का?