शब्द हवा : 'लेट अँटिक्विटी'

मेतकूट :
एका नियतकालिकासाठी इतिहासकार पीटर ब्राऊन यांच्यावर लेख लिहिला. 'लेट अँटिक्विटी'ला, म्हणजे प्राचीन काळाच्या शेवटच्या टप्प्याला, मी 'उत्तर-प्राचीन काळ' केलं होतं. प्रुफं आली तर सगळीकडे 'रोमन साम्राज्याचा ऱ्हासकाळ'! संपादक म्हणतात, वाचकाला ऱ्हास कळतो, तुमचं उत्तर-दक्षिण कळत नाही. ज्या माणसाने उभी हयात 'नुसता ऱ्हास म्हणू नका' हे सांगण्यात घालवली, त्याच्याच लेखात हा शब्द?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : जन्म डब्लिनचा, १९३५. वडील सुदानच्या रेल्वेत इंजिनीअर, म्हणून बालपणाचा काही काळ तिकडे. शिक्षण ऑक्सफर्डला, नोकरीही आधी तिथेच, मग लंडन, बर्कली, आणि १९८६ पासून प्रिन्स्टन. १९६७ला उत्तर आफ्रिकेतला बिशप संत ऑगस्टीन याचं चरित्र, १९७१ला 'द वर्ल्ड ऑफ लेट अँटिक्विटी'. त्यात इ.स. १५० ते ७५० असा सलग काळ घेतलाय. ४७६ला पश्चिमेचा पोरसवदा बादशहा पदच्युत झाला म्हणून रोमची गोष्ट तिथेच आटोपायची, हे त्यांना पटत नाही. पूर्वेची राजधानी कॉन्स्टँटिनोपल शाबूत होती, सीरिया-इजिप्त गजबजलेले होते, पलीकडे सासानी घराण्याचा इराण होता, शेवटी इस्लाम आला. हे सगळं मावेल असा शब्द सुचवा.

उंटावरचा शहाणा :
संपादकांचा शब्द चूक, पण तुमचाही बरोबर नाही. 'उत्तर-आधुनिक' म्हणजे आधुनिकतेच्या नंतरचं. त्याच चालीवर 'उत्तर-प्राचीन' म्हणजे प्राचीन काळ संपल्यावरचं, म्हणजेच मध्ययुग. 'अंत्य-प्राचीन' करा.

दगडफूल :
अंत्य नको हो, तिरडी बांधल्यासारखं वाटतं. आणि 'उत्तर पेशवाई' म्हटल्यावर १८१८ नंतरचं कुणाला वाटतं का? सवाई माधवराव, दुसरा बाजीराव हेच डोळ्यांपुढे येतात. उत्तर वैदिक काळ वैदिकच असतो. नंतरचं सांगायचं तर 'उत्तर' मागे जोडतो आपण : स्वातंत्र्योत्तर, विवाहोत्तर. घोळ घातलाय तो 'उत्तर-आधुनिक'वाल्यांनी, त्याची शिक्षा ब्राऊनसाहेबांना कशाला?
शिवाय 'उत्तरायुष्य' बघा. ऑगस्टीनची हरवलेली पत्रं १९८१ला छापून आली, १९९०ला जर्मनीतल्या माइन्झच्या ग्रंथालयात त्याची प्रवचनं सापडली. त्यानंतर २०००च्या आवृत्तीत ब्राऊननी नवी प्रकरणं जोडली आणि म्हातारा बिशप आपण जरा जास्तच कठोर रंगवला होता, असं सरळ लिहिलं. तो मजकूर ऑगस्टीनच्या उत्तरायुष्यावरचा आहे, मरणोत्तर नाही. मेतकूटताई, तुमचा शब्द अजिबात सोडू नका.

शब्दवेडा :
गंमत म्हणजे उत्तर, उतार, उतरणे हे सगळं एकच कुटुंब. 'उतारवय' आलं की नाही? म्हणजे 'उत्तर-प्राचीन'च्या पोटात ऱ्हास आहेच. संपादकांनी फक्त पोटातलं ओठावर आणलं.

उंटावरचा शहाणा :
काहीही. उत्तर म्हणजे उद् अधिक तर, 'जास्त वरचा'. म्हणून अंगावर वरून घ्यायचं ते उत्तरीय. उतरणे आलं 'उद् + तॄ'वरून, पाण्यातून पार होऊन बाहेर येणे. 'तर' दिसला की नातं जोडायचं नसतं.

शब्दवेडा :
'उद्' दोन्हीकडे आहे ना? मग झालं तर, चुलत भाऊ.

कंदीलवाला :
संपादकांची बाजू कुणीच घेत नाही म्हणून मी घेतो. ब्रायन वॉर्ड-पर्किन्स या पुरातत्त्वज्ञाने २००५ साली ब्राऊन-परंपरेला, म्हणजे 'ऱ्हास नव्हे, स्थित्यंतर' म्हणणाऱ्यांना, चांगलंच फैलावर घेतलंय. ब्रिटनमधून रोमन गेल्यावर चाकावरची मडकीसुद्धा नाहीशी झाली, साध्या घरांवरची कौलं गेली, उत्खननात मिळालेल्या हाडांवरून गुरंही खुजी झालेली दिसतात. याला काय 'स्थित्यंतर' म्हणायचं? ज्याच्या घरावरचं कौल गेलं त्याला विचारा.

मेतकूट :
ते पश्चिमेचं झालं. त्याच काळात उत्तर सीरियाच्या डोंगरांत पाचव्या-सहाव्या शतकात दगडी घरांची गावंच्या गावं उभी राहिली, ऑलिव्हच्या तेलाचे घाणे चालू होते. एकाच शब्दाने दोन्हीकडे शिक्का कसा मारणार? माझं भांडण तेवढंच आहे.

सरळ_रेघ :
एवढा खल कशाला? 'लेट अँटिक्विटी' असंच देवनागरीत लिहा. एम.ए.च्या वर्गात सगळे तेच म्हणतात. जर्मनांनी तरी काय केलं, त्यांच्या भाषेत उशिराला 'श्पेट', त्याला 'आन्टीके' जोडलं, झालं. व्हिएन्नाचे कलेतिहासकार अलॉइस रीगल यांनी १९०१मध्येच उशिराच्या रोमन कारागिरीला 'बिघडलेली कला' म्हणायला नकार दिला होता. शब्दाने काही अडलं नाही.

उंटावरचा शहाणा :
जर्मनांनी जर्मन शब्द केला, हे तुम्हीच सांगताय. मग आपण मराठी का करू नये?

मेतकूट :
बरं, आणखी एक अडचण. १९७१चाच त्यांचा गाजलेला निबंध आहे, सीरियातल्या 'होली मॅन'वर. अलेप्पोजवळ खांबावर तीसहून जास्त वर्षं राहिलेला सिमियन, ४५९ला वारला, तो त्यातला ठळक. ब्राऊन चमत्कारांपाशी थांबत नाहीत. गावाला भावकी-वतन नसलेला, कुणाचाच नसलेला माणूस निवाड्याला हवा असतो, म्हणून बांधाची भांडणं, कर्जाचं व्याज, जमीनदाराचा जाच, सगळं घेऊन लोक खांबाखाली येतात, असं ते म्हणतात. मी 'साधू' लिहिलंय.

वसईकर :
साधू चालणार नाही. आणि 'संत'ही नको, आमच्याकडे चर्चने अधिकृत मान दिलेला तो संत. हा जिवंतपणी नुसता तपस्वी.

दगडफूल :
तपस्वी निवाडे करत नाही, डोळे मिटून बसतो. गावात ज्याच्यापुढे पाटीलसुद्धा चप्पल काढून बसतो त्याला 'महाराज' म्हणतात.

कंदीलवाला :
आणि हाच महाराज नडला की 'बुवा' होतो. :)

सरळ_रेघ :
विषयांतर : २००८चा अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचा क्लूगे पुरस्कार ब्राऊन आणि आपल्या इतिहासकार रोमिला थापर यांना विभागून मिळाला होता. लेखात हे टाका, आपल्या वाचकाला धागा मिळेल.

गोंयकार :
ऑगस्टीनचं नाव निघालंच आहे तर, ओल्ड गोव्यात त्याच्या नियमाने चालणाऱ्या साधूंचं (घ्या, मीही साधूच लिहिलं) चर्च होतं, आता एक पडका बुरूज उरलाय. जॉर्जियाची राणी केतेवान १६२४ला शिराझला मारली गेली, तिच्या अस्थी या लोकांनी गोव्यात आणल्या. उत्खननात हाड मिळालं, हैदराबादच्या प्रयोगशाळेत डीएनए तपासलं आणि २०२१ला ते जॉर्जियाला दिलं. ब्राऊन यांचं १९८१चं पुस्तक अशाच अस्थींच्या पूजेवर आहे ना?

मेतकूट :
हो, संतपूजेवर. ती अडाणी बायाबापड्यांची समजूत नव्हती, बिशप आणि धनिक घराणीच त्यात पुढे होती, असा त्यांचा मुद्दा. पण 'रेलिक'ला अस्थी म्हटलं की दशक्रिया आठवते.

शब्दवेडा :
'धातू' म्हणा. बौद्धांचा शब्द आहे. स्तूपात धातू ठेवायचे, धातुगर्भ, त्यावरून दागोबा. १८८२ला भगवानलाल इंद्रजींनी नालासोपाऱ्याचा स्तूप उकरला, तिथे करंडक निघाला होता.

उंटावरचा शहाणा :
ही व्युत्पत्ती मात्र बरोबर आहे, नोंद घ्यावी. पण 'राणीचा धातू' लिहिलंत तर वाचक तांबं-पितळ समजेल.

वसईकर :
अवशेष?

कंदीलवाला :
अवशेष किल्ल्याचे असतात.

गोंयकार :
आमच्याकडची मराठी वृत्तपत्रं सेंट झेवियरच्या वेळी बिनधास्त 'शवप्रदर्शन' छापतात. दर दहा वर्षांनी असतं, मागचं २०२४ला झालं.

वसईकर :
तो शब्द बदलायला हवा खरं तर. दर्शनाला जातो आम्ही, प्रदर्शनाला नाही.

गोंयकार :
लाखो लोक तोच शब्द वाचून रांगेत उभे राहतात, त्यांना कुठे खटकतो? आणि तुमच्या होली मॅनचं उत्तरही आमच्याकडे आहे. झेवियरला गोव्यात संत कमी म्हणतात, 'गोंयचो सायब' म्हणतात.

दगडफूल :
सिमियनसायब? मेतकूटताई, एवढं संपादकांना पाठवून बघाच.