धाकटा भाऊ नोकरी सोडून सेवेत निघालाय. ‘प्रभू पुरवील’ एवढं पुरेसं आहे का?

सेवकाची लेक

सर्वांना सलाम.

माझा धाकटा भाऊ चाकणच्या एका कंपनीत अकरा वर्षं क्वालिटीत आहे. पगार बरा आहे. घराच्या कर्जाचे हप्ते अजून नऊ वर्षं चालायचेत. दोन मुलं, मोठी सातवीत. मागच्या महिन्यात उपवास-प्रार्थनेत त्याला पाचारण झालं, म्हणजे देव सेवेला बोलावतोय असं त्याला जाणवलं. नोकरी सोडून नंदुरबारकडच्या पाड्यांवर पूर्णवेळ ख्रिस्ती सेवा करायची, कोणत्याही संस्थेचा पगार घ्यायचा नाही, कोणाकडे हात पसरायचा नाही, असं त्याने ठरवलंय. ‘प्रभू पुरवील.’ मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, सगळ्यांसमोर उभं राहून त्याने ही साक्ष दिली तेव्हा पुष्कळांचे डोळे भरून आले. माझेही आले, पण मला दुसरंच काही आठवत होतं.

आमचे वडील 1986 साली असेच निघाले. झेडपीच्या शाळेत शिक्षक होते, राजीनामा दिला, पेन्शनवर पाणी सोडलं. मी आठ वर्षांची होते, हा भाऊ तेव्हा जन्मलाही नव्हता. वडील खेडोपाडी सायकलवर फिरायचे, खरंच फिरायचे, कामात कसूर नव्हती. घरी आई शिवणयंत्रावर बसायची. किराणा दुकानात उधारीची वही घेऊन मला पाठवायचे, कारण लहान पोरीला दुकानदार तोंडावर नाही म्हणत नसे. लाल कापडी बांधणीची वही होती. दुकानदार पान उलटून मागची बाकी बघायचा, मग माझ्याकडे, मग पुन्हा वहीकडे. तेवढा वेळ मी फळीवरच्या गोळ्यांच्या बरण्या मोजायचे.

एका रविवारी वडिलांनी साक्ष दिली, ‘काल घरात पीठ नव्हतं, आज सकाळी प्रभूने पुरवलं.’ मी बायकांच्या बाजूला आईशेजारी बसले होते. आदल्या रात्री तिने अकरा परकर पुरे केले होते, शेवटच्याची नाडी ओवताना माझ्या हातात कंदील होता. पहाटे ती ते देऊन आली आणि दळण घेऊन आली. साक्ष चालू असताना ती सुई टोचून काळं पडलेलं बोट पदरात धरून बसली होती. सगळ्यांबरोबर ‘आमेन’ म्हणाली.

देव पुरवत नाही असं मी म्हणत नाही. आम्ही एकही रात्र उपाशी झोपलो नाही. माझं म्हणणं इतकंच की पाचारण झालेल्या माणसाने स्वतःचं ताट खुशाल रिकामं ठेवावं, घरातल्या दुसऱ्याचं ताट त्याला न विचारता रिकामं ठेवू नये. मला चुकीचं वाटत असेल तर सांगा. रविवारी भाऊ येणार आहे, त्याच्याशी बोलायचंय.

कोरडवाहू

ताई, तुमचं दुखणं कळतं, तरी मी तुमच्या विरुद्ध बोलणार आहे. मी 31 वर्षं सेवेत आहे. सूतगिरणीतली नोकरी सोडून निघालो तेव्हा सासरे, भाऊ, मंडळीचे पंच, सगळे हेच म्हणत होते: आधी मुलांचं बघ, आधी घर बांध. प्रत्येकाचं बरोबरच होतं. त्यांचं ऐकलं असतं तर आज निवृत्त होऊन घरी बसलो असतो आणि ज्या तीन वस्त्यांवर आज प्रार्थना होते तिथे कोणी गेलं नसतं.

1996 च्या पावसाळ्यात आमच्या घरची बाळंतीण होती आणि ज्वारीची कणगी तळाला गेली होती. कोणाला सांगितलं नाही. संध्याकाळी एक ऊसतोडीचा मुकादम दारात आला, ख्रिस्ती नव्हे, ओळखही जेमतेम. म्हणाला, मास्तर, बाजरी जास्त झालीय, पोतं ठेवून जातो. पोत्याला पावसाचं पाणी लागू नये म्हणून त्याने स्वतःची घोंगडी त्यावर टाकली होती आणि तो भिजत आला होता. या गोष्टीचा हिशेब मी आधी कसा मांडला असता?

मत्तयच्या सहाव्या अध्यायात प्रभू काय खावे, काय प्यावे याची चिंता करू नका म्हणतो. बँकेत सहा महिन्यांचा खर्च जमा झाल्यावर करू नका असं म्हणत नाही. आणि एक विचारतो, रागावू नका. तुमच्या आईचं शिवणयंत्र हेही प्रभूचंच पुरवणं नव्हतं का?

सेवकाची लेक

होतं, दादा. पण तिचं नाव एकाही साक्षीत आलं नाही.

तिसरा बाक

कोरडवाहू दादांचा आदर ठेवून सांगतो, वचन एवढ्यावर थांबत नाही. लूकच्या बाविसाव्या अध्यायात प्रभू शिष्यांना आठवण देतो की थैली, झोळी, वहाणा न घेता पाठवलं तेव्हा काही उणं पडलं का? ते म्हणतात, नाही. आणि पुढच्याच वचनात तो सांगतो, आता ज्याच्याजवळ थैली आहे त्याने ती घ्यावी. पाठवणारा तोच, शिष्य तेच, आज्ञा दोन. कोणती वेळ कोणती हे ओळखावं लागतं.

याकोब आणि योहान या शिष्यांनी प्रभूमागे जाताना बापाला तारवात सोडलं हे आपण नेहमी सांगतो. मार्काने लिहिलंय की त्या बापाबरोबर, जब्दीबरोबर, मोलकरी होते. म्हातारा एकटा पडला नव्हता. प्रेषित पौल करिंथात राहुट्या शिवून जगत होता. आणि तीमथ्याच्या पहिल्या पत्रात तर स्पष्टच आहे की जो घरच्यांची तरतूद करत नाही त्याने विश्वास नाकारला.

‘कोणाकडे मागायचं नाही’ यालाही आधार शोधून पाहा. एलीयाने सारफथच्या विधवेकडे तोंडाने मागितलं, तेही तिच्या डब्यात मूठभर पीठ उरलं असताना. संदेष्ट्याला मागायची लाज वाटली नाही, मग आपल्याला का वाटते? मला तर कधी कधी वाटतं, न मागण्यात थोडा अभिमानही असतो.

जुनी पुस्तकं

न मागण्याची वाट ज्याने सगळ्यांना दाखवली त्याच्याविषयी थोडं. जॉर्ज म्युलर, मूळचा प्रशियाचा, इंग्लंडात पाळक झाला. 1830 साली त्याने ठरीव पगार सोडला, कारण तो पगार बाकांच्या भाड्यातून यायचा आणि त्यामुळे पैसेवाल्यांना पुढचे बाक आणि गरिबांना मागचे अशी वाटणी व्हायची. उपासनागृहात पेटी ठेवली, ज्याला वाटेल त्याने टाकावं. लग्न होऊन महिनाही झाला नव्हता आणि पत्नी मेरी या निर्णयात बरोबर होती. 1836 ला ब्रिस्टलमध्ये भाड्याच्या घरात अनाथगृह सुरू केलं. 1898 ला तो वारला तोवर 10,024 मुलं त्याच्या हाताखालून गेली होती. कोणाकडे पैसा मागितला नाही.

आता या चर्चेला लागणारी गोष्ट. म्युलर उधार घेत नसे. पैसा नसेल तर वस्तू नाही. ‘कोणाचे ऋणी राहू नका’ हे रोमकरांसच्या पत्रातलं वचन तो अक्षरशः पाळायचा. अर्ध्या पेनीच्या दानाचीही नोंद ठेवायचा. देवावर टाकणं आणि दुकानदारावर टाकणं यात त्याने फरक केला. ताई, तुमच्या हातात ती लाल वही देणं हे म्युलरच्या वाटेने जाणं नव्हतं, हे मी नम्रपणे सांगतो.

तिसरा बाक

पण म्युलर दरवर्षी अहवाल छापायचा! कोणत्या दिवशी तिजोरीत काय उरलं होतं ते सगळं त्यात यायचं. वाचणारा दान धाडणारच. मागितलं नाही म्हणायचं, आणि कळवलं मात्र होतं.

जुनी पुस्तकं

शंका रास्त आहे, त्याच्या हयातीतही ती होती. पण 1841 च्या डिसेंबरात अहवालाची आणि सभेची वेळ आली तेव्हा हातात जवळजवळ काही नव्हतं, आणि नेमका तेव्हाच त्याने अहवाल पुढे ढकलला. आत्ता छापला तर ते मागणंच ठरेल, म्हणून. नंतरचे कित्येक आठवडे फार ओढीचे गेले. ज्याला अहवालातून पैसा काढायचा असतो तो असं करत नाही.

भीमाकाठ

मी केडगाव परिसरातली. आमच्याकडे हा विषय पुस्तकातला नाही, रुळांपलीकडे पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये दिसतो. पंडिता रमाबाईंनी म्युलरचं चरित्र वाचलं होतं, चीनमध्ये सेवा केलेल्या हडसन टेलरचंही, आणि आपल्या देशात असं विश्वासावर काम का होऊ नये हा प्रश्न त्यांना पडला होता. शारदा सदन ही विधवा मुलींची शाळा 1889 ला मुंबईत उघडली ती अमेरिकेतल्या लोकांनी दहा वर्षं मदतीचं वचन दिलं होतं म्हणून. ती मुदत 1898 ला संपणार हे बाईंना माहीत होतं. मग त्यांनी काय केलं? प्रार्थना केली, आणि केडगावला जमीन घेऊन फळझाडं लावली. दोन्ही. बागेच्या उत्पन्नावर संस्था पुढे चालावी हा त्यात विचार होता.

आणि ती झाडं हाताशी यायच्या आतच दुष्काळ आला. 1896-97 ला मध्य प्रांतातून मुली आणायला बाई स्वतः गेल्या, कारण कोवळ्या वयात दुष्काळात आई, बाप आणि बहीण गमावलेली बाई ती, तिला भूक ऐकून माहीत नव्हती. 1900 च्या सुमाराला मुक्तीत जवळजवळ दोन हजार जणी होत्या. कुठली बाग एवढ्यांना पोसणार? तिथे विश्वासच लागला. पण त्या दोन हजार जणी बसून नव्हत्या. विणकाम, शेती, पुढे छापखाना, हाताला काम होतं. बाई विहिरी खणायच्या आणि पाण्यासाठी प्रार्थनाही करायच्या. तुमच्या भावाला माझा एवढाच प्रश्न: तुमची बाग कुठली? आणि ती नसेल, तर तुमच्यासमोर असा दुष्काळ आहे का की थांबताच येत नाही?

वसईकर

आमच्याकडे कॅथलिकांत धर्मसंघातले फादर दारिद्र्याचं व्रत घेतात, पण जेवणाखाण्याचं, आजारपणाचं, म्हातारपणाचं संघ बघतो, आणि मागे बायको-पोरं नसतात. लग्न झालेल्या माणसाने तेच व्रत एकट्याच्या नावाने घेतलं तर ते घरातल्या चौघांचं होतं. मला ही अडचण खरी वाटते.

दोघांचा डबा

मी एका सेवकाची पत्नी, धुळे जिल्ह्यात आहे. इतका वेळ वाचत होते, आता राहवत नाही.

इथे बायको म्हणजे जिच्यावर संकट येतं ती, असं चाललंय. ताई, तुमच्या आईविषयी मी काही बोलणार नाही, ते तुमचं आहे. पण मला विचारलं नव्हतं असं कोणी धरून चालू नये. पाचारण मलाही झालं होतं. आमच्या ह्यांच्या आधी झालं होतं! हे दोन वर्षं टाळत होते आणि मी प्रार्थना करत होते. अंगणवाडीच्या कामावर मी घर चालवलं ते नवऱ्याच्या विश्वासाची किंमत म्हणून नव्हे, ती माझी सेवा होती. मुलीच्या फीसाठी पाटल्या मोडल्या तेव्हा रडले, पण कोणी मोडायला लावल्या नव्हत्या. लोकांना माझी कीव येते तेव्हा मला फार लागतं. माझ्या हातून गेलेलं अर्पण ते माझं मानत नाहीत.

म्हणून ‘कुटुंबाला त्रास, सबब जाऊ नये’ हे मला पटत नाही. जावं. पण मंडळीने साक्ष ऐकून रडून घरी जाऊ नये. दर महिन्याला घरटी थोडं धान्य, मुलांच्या वह्या, दवाखान्याचा खर्च, एवढं त्याच दिवशी उभं राहून बोलावं. कामकरी आपल्या मजुरीस योग्य आहे हे प्रभूनेच म्हटलंय.

कोरडवाहू

बहिणाबाई, तुमचं वाचून आमच्या घरच्यांना दाखवलं. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, बाजरीची गोष्ट तुम्ही नेहमी सांगता, पण त्या मुकादमाच्या सुनेचं बाळंतपण मी केलं होतं ते सांगत नाही. 28 वर्षं मी ती साक्ष देतोय आणि मला हे ठाऊकच नव्हतं. मला वाटायचं तो जेमतेम ओळखीचा.

तरी माझं मत बदललेलं नाही. त्या मुलाला अडवू नका. हप्ते फिटेपर्यंत थांब म्हणालात तर नऊ वर्षांनी तो पन्नाशीकडे झुकलेला असेल आणि डोंगर चढवणार नाही. उधारी मात्र नको, हे जुनी पुस्तकं यांचं मी मान्य करतो. घर विकून निघू दे, पण निघू दे.

सेवकाची लेक

सगळं दोनदा वाचलं. दोघांचा डबा ताई, तुमचं वाचून मी आईविषयी रात्रभर विचार केला. मीही तिला एकदाही विचारलं नाही की हे सगळं तिने कशासाठी केलं. आता ती नाही.

दुपारी भावजयीला फोन केला. म्हटलं, तुझं काय म्हणणं आहे? ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘ताई, मंडळीत सगळे मला भेटून गेले, किती भाग्यवान आहेस म्हणाले. विचारलं तुम्हीच पहिल्यांदा.’ मी उत्तराची वाट पाहत होते. ती म्हणाली, ‘फोनवर नको. रविवारी सांगते, त्यांच्यासमोरच सांगते.’

हो म्हणेल की नाही, मला अंदाज नाही. कोरडवाहू दादा, घर विकायचा विषयही तेव्हा काढेन, भावाने अजून तो बोलून दाखवलेला नाही. आईच्या ट्रंकेतून ती लाल वही काढून ठेवली आहे. शेवटच्या पानावर बाकी शून्य आहे आणि खाली आईची सही.